भावाची कातडी बहिणीला का टिकली नाही? हे शोधणाऱ्या पीटर मेडावार यांची गोष्ट

१९४० साल. दुसरं महायुद्ध सुरू होतं. ऑक्सफर्डमध्ये पीटर मेडावार यांच्या घराजवळ विमान कोसळलं आणि वैमानिक भयंकर भाजला. दुसऱ्याची कातडी लावली तर ती टिकायची नाही. का, ते पक्कं ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षांचे मेडावार त्याच्या मागे लागले.

जन्म १९१५ चा, ब्राझीलमधला. वडील लेबनॉनचे. शिकले प्राणिशास्त्र, पण उत्तर सापडलं ग्लासगोच्या हॉस्पिटलात. सर्जन थॉमस गिब्सन यांच्याकडे एक भाजलेली तरुणी होती. तिला सख्ख्या भावाची कातडी लावली, ती काही दिवसांत झडली. त्याच भावाची पुन्हा लावली, तर आणखी लवकर झडली. म्हणजे शरीर परक्याला ओळखतं आणि लक्षातही ठेवतं!

पुढे उंदरांवरच्या प्रयोगांमुळे १९६० मध्ये बर्नेट यांच्यासोबत नोबेल मिळालं. पण मला त्यांचा १९५३ चा प्रश्न जास्त भारी वाटतो. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईला अर्धं परकंच. मग आईचं शरीर त्याला नऊ महिने सांभाळतं कसं?

त्यांचा एक अंदाज होता की गरोदरपणात आईची प्रतिकारशक्ती थंडावत असावी. तो काही टिकला नाही. १९५८ मध्ये रोझ पेन आणि यॉन व्हान रूड यांना बाळंत झालेल्या बायकांच्या रक्तात बापाकडून आलेल्या खुणांविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या. बाळ सुखरूप, पण आईच्या शरीराने नोंद घेतलेली!

समजा, शिरड शहापूरच्या दोन-तीन लेकरांच्या आईला किडनी लागली. नवरा द्यायला तयार आहे, मुलगाही. पण तिच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतील तर क्रॉसमॅच बिघडू शकतं. सगळ्याच आयांना हे होत नाही, तपासणीत कळतं. नवऱ्याला बायकोची किडनी घेताना मात्र बाळंतपणाची ही अडचण नसते. आणि आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, घेणाऱ्यांत पुरुष. त्याला अँटिबॉडी किती आणि घरातली रीत किती, हा वेगळाच हिशेब आहे.

१९६९ मध्ये एक्सेटरच्या चर्चमध्ये बायबल वाचत असतानाच मेडावार यांना पक्षाघात झाला. तरी त्यांनी लिहिणं सोडलं नाही. १९८७ मध्ये ते गेले.