हुडिनीची शेवटची पोटदुखी

हातकड्या, साखळ्या आणि कुलूपबंद पेट्यांतून सुटणारा जादूगार हॅरी हुडिनी. खरे नाव एरिक वाइस. जन्म २४ मार्च १८७४, बुडापेस्ट. वडील ज्यू धर्मगुरू. तो चार वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत गेले. घरची गरिबी, त्यामुळे लहानपणीच कामाला जुंपला गेला. १८९४ मध्ये त्याने बेसशी लग्न केले. ती रंगमंचावरही त्याची जोडीदार झाली. १८९९ नंतर दिवस पालटले. पाण्याने भरलेल्या पेटीत उलटे टांगून घेऊन बाहेर येण्याचा त्याचा खेळ १९१२ पासून गाजला. पुढे मृतात्म्यांशी बोलण्याचे ढोंग करणाऱ्यांनाही त्याने उघडे पाडले. वेदना सोसणे हा त्याच्या कामाचाच भाग होता. तेच अखेर नडले.

ऑक्टोबर १९२६. मॉन्ट्रियलमध्ये तो कोचावर पडून असताना एका विद्यार्थ्याने त्याच्या पोटाची ताकद अजमावण्यासाठी ठोसे मारले. पोट दुखू लागले, तरी खेळ चालूच राहिले. दोन दिवसांनी डेट्रॉइटला पोहोचला तेव्हा ताप १०४ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला होता. डॉक्टरांनी रुग्णालयात जायला सांगूनही त्याने खेळ केला. शस्त्रक्रिया झाली ती दुसऱ्या दिवशी. अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. पुन्हा एकदा पोट उघडावे लागले. ३१ ऑक्टोबरला, वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून दोन वर्षे होती.

ठोशाने अपेंडिक्स फुटले, असे तेव्हा मानले गेले. मार लागून हा आजार होणे फार दुर्मीळ आहे. अपेंडिक्स ही एका टोकाला बंद असलेली नळी. मलाचा खडा, सुजलेल्या लसिका ग्रंथी, क्वचित जंत किंवा गाठ यांनी तिचे तोंड बंद होते. आत दाब वाढतो, जंतू माजतात. आधी साधी सूज, मग पू, मग रक्तपुरवठा तुटून नळी कुजते आणि शेवटी फुटते. हुडिनीचा आजार बहुधा आधीच सुरू झाला असावा. ठोशामुळे दुखण्याला एक सोयीचे कारण मिळाले, आणि वेळ गेला.

सरकारी रुग्णालयात काम करताना मला असे हुडिनी नेहमी भेटतात. कुणी म्हणतो जड उचलले, कुणी म्हणतो बाहेरचे खाल्ले. घरी ओवा होतो, एरंडेल होते, शेक होतो. मग रुग्ण आमच्याकडे येतो. बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकणारे दुखणे, अन्नावरची वासना जाणे, मळमळ आणि ताप ही ठळक लक्षणे. लहान मुले, वृद्ध व गर्भवतींमध्ये ती इतकी स्पष्ट नसतात. अशा वेळी जुलाबाचे औषध घेऊ नका, पोट शेकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखणे एकाएकी थांबले तरी निर्धास्त होऊ नका; नळी फुटल्यावरही थोडा वेळ बरे वाटते.