विश्लेषण : भरतीचे गणित मांडणारे आर्थर डूडसन कोण होते? वादळापुढे त्यांचे यंत्र अपुरे का पडले?

पावसाळ्यात मुंबईत साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर होतात. कित्येक महिने आधी हे कसे कळते? या गणिताला आजचे रूप देण्यात ब्रिटिश गणितज्ञ आर्थर डूडसन यांचा मोठा वाटा आहे.

मीटर तपासण्यापासून सुरुवात

डूडसन यांचा जन्म १८९० मध्ये इंग्लंडमधील लँकेशायरचा. त्यांना ऐकू येत नसे. लिव्हरपूल विद्यापीठाची पदवी पहिल्या वर्गात मिळवूनही त्यांना नोकरी मिळणे अवघड गेले. आधी त्यांनी फेरांटी कंपनीत मीटर तपासले. १९१९ मध्ये जोसेफ प्राउडमन यांच्यासोबत ते लिव्हरपूलच्या नव्या भरती संशोधन संस्थेत दाखल झाले.

त्यांनी नेमके काय केले?

चंद्र-सूर्याच्या ओढीने भरती येते. १९२१ मध्ये डूडसन यांनी या ओढीचे ३८८ घटक वेगळे केले. प्रत्येकाची लय ठरलेली असते. बंदरातील जुन्या नोंदींवरून कोणता घटक तिथे पाणी किती आणि कधी चढवतो हे काढले, की पुढील भरती सांगता येते. ही बेरीज चाके व कप्प्यांचे यंत्र करत असे. जून १९४४ च्या नॉर्मंडी चढाईसाठी भरतीच्या वेळा त्यांनी अशाच यंत्रावर काढून दिल्या. ठिकाणाचे नाव गुप्त होते. हाती होते फक्त ११ घटकांचे आकडे.

मग अडले कुठे?

वाऱ्याला वेळापत्रक नसते. समुद्र जितका उथळ, तितके वाऱ्याने ढकललेले पाणी किनाऱ्यावर जास्त चढते. जानेवारी १९२८ मध्ये थेम्सच्या पुरात लंडनमध्ये १४ जण बुडाले. त्यानंतर डूडसन यांनी वादळी लाटांचा अभ्यास केला. तरीही ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र उसळला. नेदरलँड्समध्ये १,८३६, तर इंग्लंडमध्ये ३०७ जणांचा जीव गेला.

संगणकाने काय बदलले?

उपाय होता, पण आकडेमोड प्रचंड होती. समुद्राचे लहान चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात वारा, हवेचा दाब, तळाचे घर्षण आणि पृथ्वीचे फिरणे धरून पाण्याची पातळी व प्रवाह काही मिनिटे पुढचा काढायचा. मग तेच पुन्हा पुन्हा करायचे. जर्मनीच्या वाल्टर हान्सेन यांनी १९५६ मध्ये १९५३ चे वादळ या पद्धतीने मांडले. त्याच वर्षी डूडसन यांनीही लांबट आखातासाठी असे टप्प्याटप्प्याचे गणित प्रसिद्ध केले. १९६० मध्ये ते निवृत्त झाले आणि जानेवारी १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेतील नॉर्मन हीप्स यांचे उथळ समुद्राचे संगणकीय प्रारूप प्रसिद्ध झाले.

आज याचा अर्थ काय?

भरतीच्या तक्त्यातील आकडा चंद्र-सूर्याचा हिशेब सांगतो. चक्रीवादळात त्यावर आणखी किती पाणी चढेल हे तक्त्यात नसते. ते संगणकीय प्रारूप सांगते. भारतात असे इशारे हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. वादळाच्या दिवशी तक्ता पाहून किनाऱ्यावर जाणे म्हणूनच धोक्याचे ठरते.