वऱ्हाडचे वकील श्रीपाद बळवंत तांबे

आपल्या धार-देवासच्या मराठी घरांत पवार, होळकर, शिंदे यांच्या गोष्टी लहानांनाही पाठ असतात. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील माणसांची ओळख मात्र कमीच. त्यांपैकी श्रीपाद बळवंत तांबे यांच्याविषयी थोडे लिहितो.

त्यांचा जन्म १८७५ सालचा. मुंबईत कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी अमरावतीस वकिली केली आणि पुढे प्रांताच्या कायदे कौन्सिलात गेले. १९२३ च्या निवडणुकीत तेथे स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. सरकारी पद घ्यायचे नाही आणि कौन्सिलात बसूनच द्विदल कारभार अडवायचा, हे पक्षाचे धोरण. १९२४ साली कौन्सिलाने मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला! पगारपत्रकांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही नोंद विशेष वाटते. शेवटी मंत्र्यांची खाती गव्हर्नरलाच सांभाळावी लागली. त्या वेळी आपल्याकडे धारला एक आणि देवासला दोन राजे होते.

मार्च १९२५ मध्ये तांबे कौन्सिलाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सर मोरोपंत जोशी यांची कार्यकारी मंडळातील जागा रिकामी झाली. गव्हर्नर बटलर यांनी ती तांबे यांना देऊ केली आणि ऑक्टोबरात त्यांनी ती घेतली. मग गदारोळ उठला. मोतीलाल नेहरूंनी हा पक्षशिस्तीचा भंग मानला. केळकर, जयकर आणि डॉ. मुंजे यांनी तांबे यांची बाजू घेतली. विठ्ठलभाई पटेल दिल्लीच्या असेंब्लीचे अध्यक्ष होतात, खुद्द मोतीलालजी सरकारच्या स्कीन समितीवर बसतात, मग दोष एकट्या तांब्यांना का, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न बिनतोड दिसतो, पण मला तो पुरता पटत नाही. पटेलांना सभागृहाने निवडले होते, तांब्यांना गव्हर्नरने नेमले. शिवाय ज्या पक्षाच्या बळावर ते अध्यक्ष झाले, त्याला आधी विचारायला हवे होते. मात्र कारभार हातात घेतल्याशिवाय तो शिकता येत नाही, हेही खरे.

या वादातून पक्ष फुटला. १९२६ साली प्रतियोगी सहकार पक्ष निघाला आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत मध्यप्रांतातले स्वराज्य पक्षाचे बहुमत गेले.

तांबे १९२९ मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर होते. १९३० च्या गोलमेज परिषदेला ते गेले. १९३२ साली मताधिकार ठरवणाऱ्या लोथियन समितीवर ते सभासद होते. आपल्या शेजारच्या महूला जन्मलेले डॉ. आंबेडकरही त्याच समितीवर होते.