कॅव्हूरचें राजकारण आणि त्याची किंमत

इटलीच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला म्हणजे मॅझिनी व गॅरिबाल्डी हीं नांवें आमच्या वाचकांच्या तोंडीं सहज येतात. परंतु ज्या तिसऱ्या पुरुषानें त्या देशाचा दावा युरोपांतील बड्या राष्ट्रांपुढें चालवून निकालापर्यंत नेला, त्या काउंट कॅव्हूरची ओळख इकडे थोड्यांसच आहे. बलाढ्य राष्ट्रें आपसांत झगडत असतां लहान राज्यानें आपलें कार्य कसें साधावें, आणि तें साधतांना पदरचें काय द्यावें लागतें, हें दोन्ही त्याच्या चरित्रावरून कळतें.

कॅव्हूरचा जन्म १८१० सालीं ट्यूरिन येथें सरदार घराण्यांत झाला. त्याचीं उदार मतें लष्करांतील वरिष्ठांस रुचलीं नाहींत; तेव्हां १८३१ सालीं नोकरी सोडून तो घरची शेती पाहूं लागला. इंग्लंड व फ्रान्स या देशांतील लोकसभांचा व उद्योगधंद्यांचा कारभार त्यानें स्वतः जाऊन न्याहाळला आणि १८४७ सालीं वर्तमानपत्र काढलें.

त्या वेळीं इटली हें एक राज्य नव्हतेंच. लाँबर्डी व व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यांत, मध्यभागीं पोपचा अंमल, दक्षिणेस नेपल्सचा राजा! पीडमाँटच्या लहान राज्यानें ऑस्ट्रियाशीं एकट्यानें झुंज देऊन पाहिली. परंतु १८४९ सालीं नोव्हारा येथें त्याचा पुरा मोड झाला. पराभवाचें कारण केवळ रणांगणावर शोधून चालणार नाहीं, हें कॅव्हूरनें ओळखलें. १८५० सालीं तो शेती व व्यापार खात्याचा मंत्री आणि १८५२ सालीं मुख्य प्रधान झाला. त्यानें जकाती उतरविल्या, परराष्ट्रांशीं व्यापारी तह केले, लोहमार्ग वाढविले आणि १८५५ सालीं अनेक मठ कायद्यानें बंद केले. ज्या पेढीची पत नाहीं तिची हुंडी परगांवीं वटत नाहीं, हें आमच्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. राज्याचेंही तसेंच आहे.

अशी पत बांधल्यावर त्यानें ती बाजारांत आणली. १८५५ सालीं इंग्लंड व फ्रान्स रशियाशीं क्रिमियांत लढत असतां त्यानें सुमारें पंधरा हजार शिपाई तिकडे धाडले. रशियाशीं पीडमाँटचें वैर कोणतें? कांहींच नाहीं. परंतु त्यामुळें १८५६ च्या पॅरिसच्या परिषदेंत त्याला बड्यांच्या पंक्तीस पाट मिळाला, आणि इटलीचें गाऱ्हाणें तेथें उघडपणें मांडलें गेलें.

पुढें १८५८ सालीं प्लाँबियेर येथें तिसऱ्या नेपोलियनशीं त्यानें गुप्त मसलत केली. १८५९ सालीं युद्ध पेटलें; माजेंटा व सोल्फेरिनो येथें ऑस्ट्रिया हरला. परंतु नेपोलियननें कॅव्हूरला न विचारतां व्हिलाफ्रांका येथें लढाई थांबविली. लाँबर्डी मिळाली, व्हेनिस राहिलें. संतापून कॅव्हूरनें राजीनामा दिला. १८६० च्या जानेवारींत तो परत आला तों फ्रान्सची मागणी दारांत उभी! मध्य इटलीच्या जोडणीस संमति देण्याबद्दल फ्रान्सला सॅव्हॉय व नीस हे प्रांत द्यावे लागले. मार्चमध्यें तह झाला आणि लोकांचीं मतें एप्रिलमध्यें घेतलीं. खरेदीखत आधीं आणि मालकाची संमति मागाहून, हा व्यवहार कोणत्याही वकिलास खटकेल. नीस हें तर गॅरिबाल्डीचें जन्मगांव! आपल्याच देशांत आपल्याला परका केलें, हें शल्य त्या वीराच्या मनांतून गेलें नाहीं. तरीही त्यानें त्याच वर्षीं सिसिली व नेपल्स जिंकून राजाच्या हवालीं केलें. १७ मार्च १८६१ रोजीं इटलीचें राज्य जाहीर झालें, आणि ६ जून रोजीं वयाच्या पन्नासाव्या वर्षीं कॅव्हूर वारला. ऑस्ट्रिया-प्रशियाच्या युद्धामुळें १८६६ सालीं व्हेनिस, आणि फ्रान्स-प्रशियाच्या युद्धामुळें १८७० सालीं रोम, हीं शहरें इटलीस मिळालीं; तीं पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

कॅव्हूरच्या गुप्त कारस्थानांचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु बड्यांच्या भांडणांत लहानांना संधि मिळते ती ज्यांनीं घर आधीं सांवरलेलें असतें त्यांनाच, आणि दोस्ताची मदत कधींच फुकट नसते, हे दोन धडे त्याच्या चरित्रांतून घेण्याजोगे आहेत. पहिला धडा त्यानें स्वतः गिरविला. दुसरा नीसच्या लोकांस गिरवावा लागला.