गाड्यांना दमदार पेट्रोल देणाऱ्यानेच धूर स्वच्छ करणारा डबाही शोधला, पण शिसं आडवं आलं

पीयूसी काढायला गेलात की सायलेन्सरमध्ये एक नळी घालतात, स्क्रीनवर आकडे येतात आणि गाडी पास होते. पण ती पास होते कोणामुळे? गाडीखाली, इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये बसलेल्या एका डब्यामुळे. त्याचं नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि तो शोधणाऱ्या माणसाचं नाव यूजीन हूड्री.

हूड्री मूळचा फ्रान्सचा. १८९२ मध्ये पॅरिसजवळच्या दोमों गावात जन्मला. वडिलांचा पोलादाचा धंदा होता. पोरगा मेकॅनिकल इंजिनीअर झाला, १९११ मध्ये वर्गात पहिला आला आणि घरच्या धंद्यात शिरला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. हूड्री फ्रान्सच्या रणगाडा दलात गेला, १९१७ मध्ये लढताना गंभीर जखमी झाला आणि शौर्यपदक घेऊन परतला.

युद्धानंतर त्याला नाद लागला रेसिंग कारचा. १९२२ मध्ये तो अमेरिकेत जाऊन इंडियानापोलिसची शर्यत आणि फोर्डचा कारखाना बघून आला. गाड्या जोरात पळायच्या तर पेट्रोलही तसंच चांगलं लागणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यात फ्रान्सकडे स्वतःचं खनिज तेल जवळपास नव्हतंच. हूड्रीने उत्तर शोधलं कॅटॅलिस्टमध्ये, म्हणजे उत्प्रेरकात.

उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. दोन्हीकडच्यांची गाठ घालून देतो, स्वतः मात्र होता तसाच राहतो. हूड्रीने असाच मध्यस्थ वापरून जाडसर, कमी किमतीच्या तेलापासून उत्तम पेट्रोल काढलं. अडचण एकच होती. उत्प्रेरकावर काजळी चढायची आणि तो निकामी व्हायचा. ती काजळी हवेने जाळून उत्प्रेरक पुन्हा कामाला लावायची युक्ती त्याने शोधली.

१९३० मध्ये तो अमेरिकेत गेला. १९३७ मध्ये सन ऑइल कंपनीने पेन्सिल्व्हेनियातल्या मार्कस हूकला त्याच्या पद्धतीचा मोठा प्रकल्प सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणारं उच्च दर्जाचं इंधन बनवायला हीच पद्धत कामी आली. हिटलरपुढे झुकलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारला त्याने उघड विरोध केला. सरकारने त्याचं नागरिकत्वच काढून घेतलं. १९४२ मध्ये तो अमेरिकन नागरिक झाला.

इथे थांबला असता तरी इतिहासात नाव राहिलं असतं. पण १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसवर पिवळट धुरकं दाटायला लागलं. लोकांचे डोळे चुरचुरायचे, छाती भरून यायची. यात मोठा वाटा गाड्यांच्या धुराचा आहे, हे संशोधनातून पुढे आलं. हूड्रीला फुप्फुसाच्या कॅन्सरची काळजी वाटत होती. ज्याने गाड्यांना पेट्रोल दिलं, तोच आता त्यांच्या धुराच्या मागे लागला.

त्याने ऑक्सी-कॅटॅलिस्ट नावाची कंपनी काढली. कल्पना साधी होती. इंजिनमध्ये पेट्रोल पूर्ण जळत नाही, त्यामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं इंधन बाहेर पडतं. वाटेतच उत्प्रेरक ठेवला, तर हे वायू तिथेच जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतात. १९५६ मध्ये पेटंट मिळालं.

पण डबा गाड्यांमध्ये बसेना. कारण होतं शिसं. इंजिनने ठोके मारू नयेत म्हणून तेव्हा पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळायचे. ते शिसं उत्प्रेरकावर चढून बसायचं आणि डबा निकामी व्हायचा. काजळी जाळता येत होती, शिसं जळत नव्हतं. १९६२ मध्ये, सत्तराव्या वर्षी, हूड्री गेला. तेव्हाही रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये शिशाचंच पेट्रोल होतं.

खरी गंमत पुढे झाली. १९७० मध्ये अमेरिकेने हवेसाठी कडक कायदा केला. १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टर आला. आणि डबा टिकवायचा म्हणून शिसंविरहित पेट्रोल पंपावर आणावं लागलं. शिसं मुलांच्या मेंदूला घातक. ज्या शिशाने हूड्रीला अडवलं, त्याला बाहेर काढायला त्याच्याच डब्याने हातभार लावला.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि सोबत शिसंविरहित पेट्रोल आलं. २००० मध्ये शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं.

आजचा डबा हूड्रीच्या डब्यापेक्षा हुशार आहे. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. तो नायट्रोजनचे घातक ऑक्साइडही मोडतो. ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून इंजिन पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतं. थंड डबा नीट काम करत नाही, म्हणून तो लवकर तापावा यासाठी इंजिनच्या जवळ बसवतात. २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारे फिल्टरही आले. कार्बन डायऑक्साइड मात्र या डब्यालाही थांबवता येत नाही.

तरीही फटफट आवाजासाठी सायलेन्सर बदलताना काही जण हा डबाच काढून टाकतात. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, तर त्याला हूड्रीची गोष्ट नक्की सांगा.