जेम्स पार्किन्सन, कंपवात आणि नाचाचा आधार

घरात कुणाला पार्किन्सन्स म्हणजेच कंपवात असेल, तर हे नाव तुमच्या कानावर रोज पडते. पण ज्यांच्यावरून ते पडले, ते जेम्स पार्किन्सन कोण होते? त्यांनी २०० वर्षांपूर्वी टिपलेले एक दृश्य वाचले, की या रुग्णांना आज नाच का सुचवला जातो हे समजायला सोपे जाते.

हॉक्स्टनचे डॉक्टर

जेम्स यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडिलांचा तिथेच दवाखाना होता, तोच जेम्स यांनी पुढे चालवला. 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने ते गरिबांच्या बाजूने पत्रके लिहीत. राजाविरुद्धच्या एका कथित कटाच्या चौकशीत १७९४ मध्ये त्यांनाही जबाब द्यावा लागला. जीवाश्म गोळा करण्याचा त्यांना छंद होता आणि १८०७ मध्ये लंडनची भूशास्त्र संस्था स्थापन करणाऱ्यांत ते होते. सामान्य कुटुंबांना समजतील अशी आरोग्याची पुस्तकेही त्यांनी लिहिली.

सहा रुग्ण

१८१७ मध्ये, वयाच्या ६२व्या वर्षी, त्यांनी या आजारावर छोटेसे पुस्तक काढले. त्यात फक्त सहा रुग्ण आहेत. त्यांतले दोघे त्यांना रस्त्यात भेटले होते, तर एकाला त्यांनी केवळ दुरून पाहिले होते.

त्या दुरून पाहिलेल्या गृहस्थांना पाऊल उचलणे जमत नसे. मदतनीस समोर उभा राहून त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवी. ते हळूहळू पुढे-मागे झुलत, तोल साधत आणि मग एकदम धावत सुटत. सुमारे वीस पावलांनंतर ते पडू नयेत म्हणून मदतनीस पुढे सज्ज असे.

झुलण्याची लय आणि समोर विश्वासाचा माणूस: नाचाच्या वर्गात आज हेच असते. मेंदूतले डोपामिन कमी झाले, की आपोआप होणारी हालचाल अडखळते. संगीताचा ठेका बाहेरून इशारा देतो आणि अडलेले पाऊल पुष्कळदा सुटते.

मनाचे काय?

बुद्धीला या आजारात धक्का लागत नाही, असे पार्किन्सन यांचे मत होते. आज आपल्याला माहीत आहे, की उदासी, चिंता आणि कशातच रस न वाटणे ही या आजाराचीच लक्षणे असू शकतात. कधी कधी ती कंप सुरू होण्याच्या आधीच दिसतात. म्हणून 'मन खंबीर कर' असे रुग्णाला सांगून उपयोग नसतो.

लोक बघतील या संकोचाने अनेक रुग्ण बाहेर पडणे बंद करतात. नाचाच्या वर्गात सगळ्यांचेच हात थरथरतात, त्यामुळे लपवण्यासारखे काही उरत नाही. मन प्रसन्न होते, एकटेपणा कमी होतो, आत्मविश्वास वाढतो. सोबत नाचणारी पत्नी, पती किंवा मुलगी तासभर तरी काळजीवाहकाच्या भूमिकेतून बाहेर येते. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने असे वर्ग सुरू केले. आपल्याकडे पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांना नृत्य शिकवले आहे.

हे लक्षात ठेवा

• नाचाने आजार बरा होत नाही. औषधे स्वतःहून कमी करू नका.
• सुरुवातीला डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा.
• औषधाचा परिणाम चांगला असतो ती वेळ निवडा.
• तोल जात असेल तर खुर्चीत बसून नाचा. जवळ कुणीतरी हवेच.
• गाणे रुग्णाच्या आवडीचे लावा.
• उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना सांगा. जगणे नकोसे वाटत असेल तर त्याच दिवशी सांगा.

पार्किन्सन २१ डिसेंबर १८२४ रोजी वारले. आजाराला त्यांचे नाव पुढे फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी दिले आणि त्यांचा जन्मदिवस आता जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. यावर कधीतरी उपाय सापडेल, अशी त्यांना आशा होती. पूर्ण बरे करणारे औषध अजून नाही. तोवर त्या मदतनिसासारखे समोर उभे राहणे तुमच्या हातात आहे. आज संध्याकाळी एक आवडते गाणे लावा आणि हात पुढे करा.