ऑलिम्पिकला 16 दिवस उरले होते आणि वर्ल्ड चॅम्पियन एलेना मुखिनाची मान मोडली

2016 चं रिओ ऑलिम्पिक आठवत असेल. त्रिपुराची दीपा कर्माकर प्रोदुनोव्हा उडी मारणार म्हणून एरवी जिम्नॅस्टिक्सकडे ढुंकूनही न बघणारी माणसं रात्री टीव्हीसमोर बसली होती. दीपाचं पदक 0.15 गुणांनी हुकलं. ही उडी चुकली तर मान मोडू शकते, अशी चर्चा तेव्हा जोरात होती.

दुसऱ्या एका उडीत हे खरोखर घडलंय. तेही जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बाबतीत.

तिचं नाव एलेना मुखिना. जन्म 1 जून 1960, मॉस्को. आई लहानपणीच गेली, आजीने सांभाळलं. एकदा शाळेत जिम्नॅस्टिक्सच्या कोच आल्या, कोणाला शिकायचंय म्हणून विचारलं आणि या पोरीने हात वर केला. इथून सुरुवात झाली.

पुढे ती मिखाईल क्लिमेंको यांच्याकडे गेली. हा माणूस आधी पुरुष खेळाडूंना शिकवायचा. त्यामुळे मुली करत नसलेल्या अवघड गोष्टी तो एलेनाकडून करून घ्यायचा. आणि हे तेव्हा सोव्हिएत संघालाही हवंच होतं. कारण 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये रोमानियाच्या 14 वर्षांच्या नादिया कोमानेचीने 10 पैकी 10 गुण घेऊन त्यांची झोप उडवली होती.

एलेनाने उत्तर दिलं. 1977 च्या युरोपियन स्पर्धेत तीन सुवर्णपदकं. 1978 ला स्ट्रासबर्गच्या जागतिक स्पर्धेत तर ती थेट सर्वंकष विजेती झाली. नादिया चौथी आली. तिच्या नावाच्या कसरती आजही नियमपुस्तकात आहेत.

मग 1979 ला तिचा पाय मोडला. तिच्याशिवाय खेळलेला सोव्हिएत संघ जागतिक स्पर्धेत रोमानियाकडून हरला. पुढच्या वर्षी ऑलिम्पिक खुद्द मॉस्कोत होतं. घरच्या मैदानावर हरून कसं चालणार? हाड नीट जुळायच्या आत प्लास्टर निघालं, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं आणि त्याच पायावर तिचा सराव सुरू झाला.

क्लिमेंकोला तिच्याकडून थॉमस साल्टो करून घ्यायचा होता. अमेरिकेच्या कर्ट थॉमसची ही उडी. आता ही भानगड समजून घ्या. फैजपूरच्या शाळेच्या मैदानावर एखादा पोरगा मागे कोलांटी मारतो, तो शेवटी पायांवर उतरतो. थॉमस साल्टोत पायांवर उतरायचंच नसतं. हवेत मागे पावणेदोन कोलांट्या, त्यातच अंगाला दीड फिरकी, आणि खाली येताना हात टेकवून पुढे लोळायचं. उंची थोडी जरी कमी पडली तर आधी जमिनीला लागते ती हनुवटी. आणि उंची येते पायाच्या जोरावर, जो पाय तिचा अजून बरा झाला नव्हता.

एलेनाला हे कळत होतं. यात मान मोडेल, असं तिने कोचला सांगितलं होतं. तुझ्यासारख्यांच्या माना मोडत नसतात, असं म्हणून त्याने विषय उडवून लावला.

3 जुलै 1980, मिन्स्क. क्लिमेंको त्या दिवशी तिथे नव्हता. सरावात उडीला उंची आली नाही, ती हनुवटीवर आदळली. मानेचा मणका मोडला आणि मानेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. वय 20.

तिनेच नंतर सांगितलंय की पडल्यावर पहिला विचार आला तो सुटकेचा, आता ऑलिम्पिकला जावं लागणार नाही. पोरीला किती पिळून काढलं असेल, याचा अंदाज इथे येतो.

19 जुलैला ऑलिम्पिक सुरू झालं. सोव्हिएत मुलींनी सांघिक सुवर्ण जिंकलं. (याच ऑलिम्पिकमध्ये आपण हॉकीचं सुवर्ण जिंकलो होतो.) एलेनाचं नेमकं काय झालंय, हे मात्र बराच काळ झाकून ठेवलं गेलं. 1988 मध्ये ओगोन्योक या मासिकाला मुलाखत देऊन तिनेच सगळं बाहेर काढलं. कोचला आणि यंत्रणेला तर बोललीच, पण आपल्याला नाही म्हणता आलं नाही, असं म्हणत स्वतःलाही तिने सोडलं नाही.

थॉमस साल्टो पुढे महिलांच्या स्पर्धेतून बंद झाला.

लहानपणी जिने सांभाळलं होतं, त्या म्हाताऱ्या आजीनेच नंतरही वर्षानुवर्षं तिचं सगळं केलं. 22 डिसेंबर 2006 ला एलेना मॉस्कोत गेली. तेव्हा ती 46 वर्षांची होती आणि त्यातली 26 वर्षं तिने अंथरुणावर काढली होती.